अंगठा उठला, पण माणसाला विचारलं का?



या वेळचा विषय दवाखान्याचा आहे. आपल्या गटांत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, गोवा अशी सगळीकडची घरं आहेत. घरातलं कोणी ना कोणी मोठ्या सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात कधीतरी गेलेलंच असतं. तिथं उपचार होतात, तसंच संशोधनही होतं. नवीन औषध, नवीन लस, जुन्याच औषधाचा नवा डोस, हे सगळं शेवटी कोणा तरी माणसाच्या अंगावरच पारखून घ्यावं लागतं. मग प्रश्न येतो. गरीब, आजारी, घाबरलेल्या माणसावर असा प्रयोग करणं धर्माला धरून आहे का? आणि त्यानं कागदावर अंगठा दिला की प्रश्न मिटला का?

*आधी आपल्यावरचं ऋण*

पुष्कळ जण लगेच म्हणतात, "आमच्या माणसावर प्रयोग नको म्हणजे नको!" ही भीती समजण्यासारखी आहे. पण क्षणभर थांबून विचार करू या. आज सकाळी घरात कोणी रक्तदाबाची गोळी घेतली असेल, नातवाला लस टोचली असेल. ती गोळी, ती लस आपल्यापर्यंत आली कारण आपल्या आधी कोणी अनोळखी माणसांनी ती स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिली. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत आणि त्यांचे उपकार फेडायचा दुसरा रस्ताही नाही.

आपल्याच देशातलं एक उदाहरण सांगतो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावर संशोधन करणारं एक केंद्र सुरू झालं. त्या काळी क्षयाचा रोगी म्हणजे सॅनेटोरियम, असं समीकरण होतं. महिनोन् महिने पलंगावर विश्रांती, चांगली हवा, दूध, पौष्टिक जेवण. पण रोगी इतके होते की एवढे पलंग आणायचे कुठून? म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं की काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवायचं, काहींना त्यांच्या घरीच ठेवायचं, आणि औषध दोघांना एकच द्यायचं. एकूण १९३ रोगी होते. घरी राहिलेले लोक गरीब वस्तीतले, त्यांचं जेवण साधं, विश्रांतीही कमीच. तरी वर्षभरानं पाहिलं तर घरचे रोगीही जवळपास तितकेच बरे झाले होते. पुढं त्यांच्या घरच्या माणसांवर ५ वर्षं लक्ष ठेवलं. रोगी घरात राहून औषध घेतो म्हणून घरच्यांना जास्त लागण होते असंही दिसलं नाही. वर्षभराच्या उपचाराचा निष्कर्ष १९५९ सालीच प्रसिद्ध झाला होता आणि जगभर क्षयरोगाच्या उपचाराची रीतच बदलली. आज टीबीचा रोगी बायकामुलांत राहून गोळ्या घेतो, त्यामागे मद्रासच्या त्या गरीब लोकांचं देणं आहे.

या प्रयोगात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. औषधावाचून कोणालाच ठेवलं नाही. आणि ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांच्यासारख्याच लोकांना त्याचा सर्वात जास्त फायदा झाला. म्हणजे संशोधन हे मुळात पाप नाही. सरसकट "नको" म्हणणाऱ्यानं दुसऱ्याच्या देण्यावर जगायचं आणि आपली वेळ आली की हात आखडता घ्यायचा, असं होतं.

*पण देणारा मोकळा होता का?*

आता दुसरी बाजू बघू. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा हाफकीन यांनी भायखळ्याला एका छोट्या खोलीत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. काय घेतोय, काय होऊ शकतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यांचं ते "हो" शंभर टक्के खरं होतं.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांना लस दिली गेली. जे स्वतःहून पुढं आले त्यांनाच दिली, अशी नोंद आहे. लस उपयोगी ठरली, हेही खरं. तरी मनात येतंच, की गजाआडच्या माणसाचं "हो" आणि हाफकीन यांचं "हो" एकाच वजनाचं मानायचं का? साहेब समोर उभा आहे, आपण त्याच्या ताब्यात आहोत, अशा वेळी "नको" म्हणायला किती जणांची जीभ उचलेल?

आता सरकारी वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. गजांचा तुरुंग नाही, पण रोगी मोकळा आहे का? खेड्यातून आलेला माणूस, खिशात परतीच्या बसभाड्यापुरते पैसे. पलंग मिळाला हेच नशीब. डॉक्टरसाहेब त्याच्यासाठी देवासारखे. त्यांनी कागद पुढं केला तर तो वाचणार नाही, अंगठा देईल. मनात एवढंच असतं, नाही म्हटलं तर औषध थांबवतील का? हा अंगठा भीतीचा आहे, त्याला संमती म्हणता येत नाही.

*खम्मम आणि बडोदा*

हे नुसतं मनाचं कोडं नाही, आपल्या जवळच घडलेलं आहे. २००९ साली गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्ही लस आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात (आता तेलंगणात) आणि गुजरातेत बडोदा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना दिली गेली. पाथ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं यांचा तो कार्यक्रम. खम्ममला सुमारे १४,००० आणि बडोद्याकडे सुमारे १०,००० मुली. त्यांतल्या पुष्कळ आदिवासी, खम्ममच्या कितीतरी मुली आश्रमशाळेत, वसतिगृहात राहणाऱ्या.

२०१० च्या एप्रिलमध्ये कार्यक्रम थांबवावा लागला. त्या काळात ७ मुलींचे मृत्यू झाले होते. सर्पदंश, बुडून जाणं अशी कारणं त्यांत होती आणि लसीशी संबंध असण्याची शक्यता फार कमी, असंच चौकशीत निघालं. पण त्याच चौकशीत दुसरी एक गोष्ट उघड झाली. आंध्रातले ९,५४३ संमतीफॉर्म पाहिले, तर २,७६३ फॉर्मांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आईवडील गावाकडे. त्यांना विचारलंच नव्हतं. २०१३ साली संसदेच्या समितीनं आपल्या अहवालात या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले.

इथं कोणीही विचारेल, लस तर चांगली होती ना? हो, चांगलीच होती. पुढं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं भारतीय बनावटीची एचपीव्ही लस तयार केली आणि २०२२ साली तिला मंजुरी मिळाली. आपल्या लेकींना ही लस द्यावी, असंच डॉक्टर सांगतात. मग मुलींचं भलंच होणार होतं तर आईवडिलांना न विचारल्यानं काय बिघडलं?

बिघडलं ते असं. ज्या आईला ठाऊकच नाही की लेकीला काय टोचलं, ती नंतर मुलीला ताप आला तर डॉक्टरला काय सांगणार? न विचारता दिलेल्या औषधावर पुढची नजरही राहत नाही. दुसरं, पुष्कळ वर्षं लोकांच्या मनात त्या लसीविषयी संशय बसला आणि एका चांगल्या औषधाची वाट अवघड झाली. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एखाद्याचं भलं करताना त्याला विचारायची गरज नाही असं आपण ठरवलं, की त्याला आपण माणूस मानायचं सोडतो. गुराढोरांचंही भलं आपण न विचारताच करतो. त्या आईवडिलांचं गरीब असणं, अडाणी असणं हे न विचारण्याचं कारण झालं, हाच अन्याय.

दानाचा आपल्याकडे मोठा महिमा आहे. पण दान कशाला म्हणतात? देणाऱ्यानं आपलं म्हणून, समजून, स्वखुशीनं दिलं तर ते दान. झोपलेल्या माणसाच्या खिशातून पैसे काढून देवळाच्या पेटीत टाकले तर त्याला दानाचं पुण्य लागेल का? पेटीत पैसे पडले खरे, पण दान झालंच नाही. शरीराचंही तसंच.

गीतेचा अठरावा अध्याय आठवा. प्रत्यक्ष भगवंत सगळं ज्ञान सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतात, की यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. ज्यांना सगळं कळतं त्यांनीही निर्णय ऐकणाऱ्याच्या हाती ठेवला. मग डॉक्टर कितीही ज्ञानी असले तरी रोग्याचा निर्णय परस्पर घ्यायचा अधिकार त्यांना कसा मिळेल? आणि प्रश्न विचारल्यानं श्रद्धा कमी होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की अर्जुनानं प्रश्न विचारले म्हणूनच गीता झाली.

*आज कायदा काय सांगतो*

इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ साली औषधचाचण्यांविषयी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यानंतर नियम बरेच कडक झाले आणि २०१९ साली नवीन नियमावली आली. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घराला माहीत हव्यात. नव्या औषधाच्या चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत आधीच झालेली असावी लागते. दवाखान्याच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. माहितीपत्रक रोग्याला समजेल अशा भाषेत हवं आणि त्याची प्रत रोग्याला मिळायला हवी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासोबत पूर्ण वेळ एक त्रयस्थ साक्षीदार हवा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं आणि म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई मिळते.

नियम चांगले आहेत. पण कायदा कागदापर्यंत पोचतो, पलंगाशेजारी कोणी माणूसच बसावा लागतो. एका डॉक्टरसमोर ओपीडीत शंभर-शंभर रोग्यांची रांग असते. तो वाईट असतो म्हणून नव्हे, वेळच नसतो म्हणून समजावणं राहून जातं. ही जागा आपण भरू शकतो.

*आता घरात बघू*

वॉर्डनला दोष देणं सोपं आहे. पण घरोघरी काय चालतं? आजोबांना मोठा आजार निघाला की त्यांना सोडून सगळ्यांना कळतं. "बाबांना सांगू नका, ते खचतील." ऑपरेशनच्या कागदावर मुलगा सही करतो, जावई सही करतो. सुनेचं गर्भाशय काढायचं की नाही ते सासू आणि नवरा ठरवतात, तिला फक्त तारीख कळते. सगळे प्रेमापोटीच करतात, यात शंका नाही. पण त्या वॉर्डनच्या मनातही कदाचित मुलींचं भलंच असेल! ज्याचं शरीर त्याला न विचारता दुसऱ्यानं केलेली सही घरात झाली म्हणून वेगळी ठरत नाही.

आजोबा शुद्धीवर आहेत, बुद्धी शाबूत आहे, तर त्यांना सांगा. बेतानं सांगा, हात हातात घेऊन सांगा, पण सांगा. त्यांना कोणाला भेटायचं असेल, काही राहिलेलं करायचं असेल. तो हक्क आपण प्रेमाच्या नावाखाली काढून घेऊ नये.

आणि दवाखान्यात संशोधनाचा कागद पुढं आला, तर घाबरून पळू नका आणि डोळे मिटून अंगठाही देऊ नका. हात जोडून, शांतपणे विचारा:

१. हा नेहमीचा उपचार आहे की संशोधन?
२. यात भाग घेतला नाही तर आम्हाला कोणता उपचार मिळेल?
३. फायदा काय, त्रास काय होऊ शकतो?
४. त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा?
५. औषध चांगलं निघालं तर चाचणी संपल्यावरही ते आम्हाला मिळेल का?
६. घरी जाऊन विचार करायला एक दिवस मिळेल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तरं पटली, तर आनंदानं "हो" म्हणा. मद्रासच्या त्या रोग्यांसारखं आपलंही देणं पुढच्या कोणाच्या तरी लेकराच्या कामी येईल. नाही पटली तर "नको" म्हणा, त्यातही कमीपणा नाही. "नको" म्हणायची मोकळीक असेल तेव्हाच त्या "हो"ला अर्थ.

शेवटी एक विनंती. आपल्या गटात शिकलेले, वाचता येणारे, सेवानिवृत्त कितीतरी जण आहेत. सेवा म्हणजे काय करू, असं ते विचारत असतात. आपल्या गावच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन तास बसा. डॉक्टरला अडवायचं नाही आणि रोग्याला भडकवायचं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या भाषेत कागद वाचून दाखवायचा, मग तो मराठी असो, कानडी, तेलुगू, गुजराती की हिंदी बोलणारा. वाचून झाल्यावर म्हणायचं, "आता तुम्ही ठरवा." आणि तो ठरवेपर्यंत थांबायचं.

हा लेख घरात मोठ्यानं वाचून दाखवा. विशेषतः ज्यांच्या वतीनं आपण सह्या करतो, त्यांना.