महाजाल आणि इतिहासाचीं साधनें

गेल्या वैशाखांत एका अपरिचित गृहस्थांचें आम्हांस पत्र आलें. आमच्या एका जुन्या पुस्तकांत १९७२ सालच्या दुष्काळावर एक प्रकरण आहे. मराठवाड्यांतील एका गांवच्या दुष्काळी कामावर मुकादमानें हजेरीपटांत खोटीं नांवें घालून मजुरीचे पैसे खाल्ले, असें त्यांत चार ओळींत म्हटलें आहे. मुकादमाचें नांव आम्हीं दिलें नव्हतें. पण गांवाचें दिलें होतें, आणि तेवढ्यावरून त्या पंचक्रोशींत माणूस ओळखूं येण्यास अडचण नव्हती. पत्रलेखक त्या मुकादमाचे नातू. पत्रांत रागाचा एक शब्दहि नव्हता. हें आपण कशावरून लिहिलें तें मला वाचावयास मिळावें, एवढीच त्यांची विनंति होती.

आम्हीं तळटीप काढून पाहिली. परदेशीं स्थायिक झालेल्या एका वृद्ध मराठी गृहस्थांनीं आपल्या आठवणी इंटरनेटवरील एका संकेतस्थळावर लिहिल्या होत्या, त्यांतून तो मजकूर घेतलेला होता. पत्ता बिनचूक होता. मात्र त्या पत्त्यावर आतां पादत्राणांची जाहिरात आहे! आठवणी लिहिणारे गृहस्थ वारले, आणि आम्हीं त्या पानाची नक्कल करून ठेवली नव्हती. म्हणजे एका मृत मनुष्यावर आम्हीं चोरीचा आरोप छापला आहे, आणि पुरावा काय म्हणाल तर आमची स्मरणशक्ति.

स्वतःवर प्रसंग आला म्हणून या विषयाकडे आमचें लक्ष गेलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ही अडचण आमच्या एकट्याची नाहीं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रांत महाजालावरील ज्या पानांचा आधार दिलेला असतो, त्यांची हार्वर्ड येथील कायदेपंडितांनीं कांहीं वर्षांपूर्वीं तपासणी केली, तेव्हां सुमारें निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोंचत नाहींत असें आढळलें. २०११ सालच्या एका निकालांत न्यायमूर्ति अलिटो यांनीं निर्देशिलेलें पान तर नाहींसेंच झालें, आणि तो पत्ता कोणा मिस्किल मनुष्यानें विकत घेऊन महाजालावर विसंबणाऱ्यांची थट्टा करणारा मजकूर तेथें लावला. प्यू या संशोधनसंस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, २०१३ सालीं असलेल्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं उघडत नव्हतीं. जिओसिटीज २००९ सालीं बंद झालें, आपल्याकडील तरुणांचें आवडतें ऑर्कुट २०१४ सालीं. त्यांबरोबर किती माणसांचीं मनोगतें गेलीं याची मोजदाद कोण करणार?

यावर कोणी म्हणेल, कागद तरी कोठें अमर आहे? वाळवी, पाऊस आणि अनास्था यांनीं आमचीं दप्तरें थोडीं का खाल्लीं? वि. का. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड छापला तो गांवोगांव पायपीट करून. आणि त्यांच्या हातीं लागलें त्याच्या कितीतरी पट त्यांच्या आधींच मातींत गेलें असेल. २००४ च्या जानेवारींत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर चाल करून आलेल्या जमावास पोथ्या फाडावयास कांहीं तासहि लागले नाहींत. हें सर्व खरें. तथापि कागदाचा एक गुण आम्हांस मोठा वाटतो. तो बदलला तर बदलल्याची खूण ठेवतो. शाई निराळी दिसते, वळण निराळें पडतें, खाडाखोड उजेडावर धरली कीं बोलूं लागते. टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली; तींत शिवजन्माची तिथि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी आढळली, आणि रूढ असलेलें १६२७ साल डळमळलें. वाद पुढें कित्येक दशकें चालला. पण वादी आणि प्रतिवादी एकाच ओळीवर बोट ठेवून भांडत होते. महाजालावरील पान मालकानें रात्रींतून बदललें तर सकाळीं वाचणाऱ्यास त्याचा पत्ताहि लागत नाहीं, आणि कालचें पान वाचलेला मनुष्य खोटा ठरतो.

यावर उपाय निघालेलेच नाहींत असें नाहीं. सॅन फ्रान्सिस्को येथें ब्रूस्टर केल यांनीं १९९६ सालीं इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था काढली. ती महाजालावरील पानांच्या प्रतिमा टिपून ठेवते, व २००१ पासून त्या कोणासहि पाहतां येतात. या कामाची थोरवी आम्ही मानतों. मात्र संशोधकानें तेथेंहि डोळे उघडे ठेवावे. पानाचा मजकूर एका दिवशीं टिपलेला, तर त्यांतील चित्रें कधीं कधीं महिन्यांच्या अंतरानें टिपलेलीं असतात. यंत्र तीं जुळवून आपल्यापुढें मांडतें. त्यामुळें आपण पाहतों तें पान त्या रूपांत कोणत्याहि दिवशीं कोणींहि पाहिलेलें नसेल असा संभव राहतो. पोथीचीं गहाळ पत्रें दुसऱ्या नकलेवरून भरून काढणारे लेखक पूर्वींहि होते. परंतु तेथें हस्ताक्षर पालटल्याचें नवशिक्यासहि कळे. शिवाय सारा भार एकाच संस्थेवर टाकणें किती धोक्याचें, हें २०२४ च्या ऑक्टोबरांत तिजवर हल्ला होऊन ती कांहीं दिवस बंद पडली तेव्हां दिसून आलें. आम्ही आमचें पान तेथें शोधलें. मुखपृष्ठ सांपडलें, आंतील आठवणी टिपलेल्याच नव्हत्या.

येथपर्यंत आम्ही टिकाऊपणाचा पक्ष घेऊन बोललों. पण तें पत्र टेबलावर असतां तो पक्षहि आम्हांस पुरतेपणीं घेववत नाहीं. युरोपांतील वरिष्ठ न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, जुनी व आतां गैरलागू झालेली माहिती आपल्या नांवाच्या शोधांतून काढून टाकावी अशी मागणी मनुष्यास करतां येते. त्या वेळीं आम्हीं वर्गांत त्यास इतिहासाशीं द्रोह म्हटलें होतें. आज तो शब्द आम्ही वापरणार नाहीं. मुकादमास उत्तर देण्याची संधि कोणीं दिली होती? तें पान टिकलें असतें, तर नातवास पुरावा मिळाला असता कीं केवळ आरोप अधिक टिकाऊ झाला असता?

पुस्तकाची दुसरी आवृत्ति छापावयाची आहे. आमच्या एका स्नेह्यांनीं सुचविलें कीं, त्या चार ओळींपुढें 'असें म्हणतात' एवढे दोन शब्द घालावे म्हणजे झालें. पण ज्या दोन शब्दांच्या आडोशास बसून बखरकारांनीं हवें तें लिहिलें, त्यांबद्दल तीस वर्षें विद्यार्थ्यांची कानउघाडणी केल्यावर आतां त्यांचाच आश्रय आम्हीं कसा करावा? आम्हीं त्या ओळी काढल्या. काढतांना मन स्वस्थ नव्हतें. ते वृद्ध गृहस्थ खोटें लिहीत असतील असें आम्हांस तेव्हांहि वाटलें नव्हतें, आतांहि वाटत नाहीं. आणि खडी फोडून अर्धी मजुरी घेऊन घरीं गेलेल्या माणसांची बाजू मांडणारा तो एकच आवाज आम्हांस ठाऊक होता. तो महाजालावरून काळानें पुसला, पुस्तकांतून आम्हीं.

नातवास आम्हीं हें सर्व जसेंच्या तसें कळविलें. त्यांचें उत्तर आलें आहे. आजोबांची एक पत्र्याची पेटी माळ्यावर आहे, तींत कामाच्या वेळच्या कांहीं वह्या असाव्यात. आपण स्वतः कधीं उघडली नाहीं, तुम्ही या, मग उघडूं, असें ते लिहितात. दिवाळीच्या सुटींत जाण्याचें आम्हीं ठरविलें आहे, आणि प्रकाशकांस तें प्रकरण तोंपर्यंत छापूं नये असें कळविलें आहे.