बाटलीवरचा आकडा

कुडाळजवळच्या एका गावात बचत गटाच्या बायका रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालींवर साखर पसरून, बरण्या उन्हात ठेवून अमृत कोकम करत. गटाचा सगळा व्यवहार शालूमावशी बघायच्या. एका उन्हाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्याचा निरोप आला: बाटलीवर अँटिऑक्सिडंटचा आकडा छापा, ५०० बाटल्या उचलतो. मावशींची भाची मीरा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. "मोजून आण गो बाय," म्हणत मावशींनी एक बाटली तिच्या पिशवीत घातली.

मीराने डीपीपीएच हे रसायन मिथेनॉलमध्ये विरघळवले. द्रावण गर्द जांभळे होते. त्यात अँटिऑक्सिडंट पडले की रंग उतरत पिवळसर होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचे आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती जांभळेपण उरले ते यंत्रावर बघायचे. तुलनेला तिने स्वयंपाकघरातली लवंग, आवळा आणि चहाही घेतला होता. लवंगेने रंग पार घालवला. कोकम तळाला राहिले.

तिला ते पटेना. नळ्या उजेडात धरल्यावर कारण दिसले. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनांचा, आणि तेही ५१७च्या आसपासचाच प्रकाश शोषतात. जांभळा बराच उतरला होता, पण कोकमाचा स्वतःचा लाल यंत्राने न उतरलेल्या जांभळ्यात धरला होता. मग तिने डीपीपीएच न घालता नुसत्या कोकमाचे रीडिंग घेतले आणि ते वजा केले. कोकम बरेच वर सरकले. हे जास्तीचे रीडिंग घ्यायला कोणी सांगितले नव्हते. खरी प्रयोगशाळा अशाच ठिकाणी दिसते.

आकडा बघून मावशी हरखल्या. कागद दोनदा वाचून त्यांनी विचारले, "म्हणजे एक ग्लास प्यायलं की एवढं अंगात जातं?"

"नाही मावशी. हे नळीतलं आहे. पोटात गेल्यावर आतडी आणि यकृत या द्रव्यांचं रूप बदलतात. रक्तात त्यातलं थोडंच पोचतं."

मग तिने अमेरिकेच्या कृषी खात्याची हकीकत सांगितली. त्यांनी अशाच नळीतल्या चाचणीवरून खाद्यपदार्थांची यादी केली होती. २०१०च्या आवृत्तीत ३२६ पदार्थ होते आणि आकडे दर १०० ग्रॅमचे. दळलेली लवंग त्यात फार वर होती. १०० ग्रॅम लवंग कोण खातो? कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरू लागल्या. नळीतल्या आकड्यावरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही, म्हणून २०१२मध्ये खात्याने ती यादी काढून घेतली.

मावशी बराच वेळ बाटलीकडे बघत राहिल्या. "आपल्याकडे डायबिटीसवालेही येतात. आकडा बघून औषध म्हणून दोन ग्लास जास्त पितील. ह्यात साखर किती, ते मोजता येतं?"

ते सोपे होते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले. रीडिंग ६५च्या वर गेले, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ६५ ग्रॅमहून जास्त विरघळलेला ऐवज, आणि तो बहुतेक साखरच. ४० मिलीलीटर घालून केलेल्या एका ग्लासात ३० ग्रॅमहून जास्त साखर जाते, असा हिशेब निघाला. अँटिऑक्सिडंटचा आकडा सोडून मावशींनी बाटलीवर तोच ठळक अक्षरांत छापून घेतला.

व्यापाऱ्याने माल घेतला नाही. गटातल्या दोघी रुसल्या, आणि त्यांचे रुसणे रास्त होते. ५०० बाटल्यांचे पैसे म्हणजे त्यांच्या मुलांची शाळेची फी. मावशींनी तेही ऐकून घेतले. पुढच्या आठवड्यात विक्रीच्या टेबलावर त्यांनी बिनसाखरेचे कोकमाचे आगळ पुढे मांडले आणि मीराला फोन लावला.

"ह्यात मीठ घातलेलं असतं गो. बीपीवाले विचारतील. तेही मोजून दे."