भागीचं घोडं

भागीचं घोडं किवणानं मेलं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. दोघांनी मिळून घोडं घेतलं. बसायच्या वेळी दोघंही हजर. पण पाठीवरची जखम चिघळली तेव्हा औषध कुणी लावायचं ते ठरेना. ‘त्यानं लावलं असेल’ असं ह्याला वाटलं, ‘ह्यानं लावलं असेल’ असं त्याला. घोडं बिचारं गेलं. घोड्याचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारल्याचं म्हणीत दिसत नाही.

ही म्हण ज्यानं पहिल्यांदा उच्चारली त्याच्या घरी संगणक नसणार. पण सामाईक फोल्डर नावाच्या वस्तूचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे कुठं वाचायला मिळालेलं नाही.

आम्ही वळचे. वळ म्हणजे छडी खाल्ल्यावर उमटतो तो नव्हे, भिवंडी तालुक्यातलं गाव. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे आणि वळ हा सगळा गोदामांचा पट्टा. मुंबईकरानं घरबसल्या मागवलेला मिक्सर त्याच्या दारी पोचण्याआधी पुष्कळदा आमच्या शेजारी मुक्काम करून जातो. आमचंही एक लहानसं गोदाम आहे. वडिलांच्या मागं तिघा भावांचं. भाड्याचे तीन वाटे होतात. पावत्या, करारनामे, सातबारे आणि त्यांच्याच पंगतीला आईचे फोटो, असं सगळं तळमजल्यावर दादाच्या संगणकात ‘घर’ नावाच्या फोल्डरमध्ये. पहिल्या मजल्यावरून मी आणि दुसऱ्यावरून धाकटा, आम्ही ते उघडायचं. एकत्र कुटुंब म्हणजे आणखी काय असतं?

काही महिने ‘घर’ टिचकीसरशी उघडत असे. मग ते कुंथायला लागलं. टिचकी मारावी, पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागावं, खाली जाऊन चहा पिऊन यावं, तरी चक्र फिरतंच आहे. कधी मध्येच सगळं गोठायचं. भाड्याच्या हिशोबाची फाइल उघडलीच, तर ‘ही दुसऱ्यानं उघडलेली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल’ अशी तंबी मिळायची.

आता यात वाईट काही नाही. दोघांनी एकाच वेळी एकाच पानावर लिहू नये म्हणून संगणक पहिल्याच्या हाती कुलूप देतो. पण धाकटा म्हणाला, “भाड्याचीच फाइल बरी अडकते?” दादाच्या कानावर ते गेलं. दादा म्हणाला, “वरची पोरं रात्रभर सिनेमे उतरवतात, त्याला मी काय करू?” पुढच्या आठवड्यात वहिनींनी चहा दिला तो कपाचा कान आमच्याकडे न करता. अशा गोष्टी घरात बरोबर कळतात. ‘वाटणी’ हा शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता. पण तो जिन्यात येऊन उभा होता.

शेवटी दादाची मुलगी पुढं झाली. म्हणाली, “काका, आधी माणसं सोडा. वस्तू धरा.” तिची पद्धत साधी होती : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक भली मोठी फाइल तिनं दादाच्या संगणकातल्या संगणकातच इकडून तिकडं हलवली. झटकन गेली, म्हणजे डिस्क निर्दोष. मग खालीच राउटरला नवी तार लावून लॅपटॉपवर घेतली. तीही गेली, म्हणजे राउटर निर्दोष. वर जाणाऱ्या तारेवर मात्र सगळं रांगायला लागलं.

ती तार जिन्याखालच्या कपाटामागून जाते आणि कपाटाचा एक पाय तिच्यावर होता. या तारेत आठ बारीक तारा चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. पूर्ण वेगाला चारही जोड्या लागतात. एक गेली की दोन्ही टोकांची यंत्रं पुष्कळदा मुकाट्यानं एक दशांश वेगावर तडजोड करतात. आणि जोड धड तुटलीही नाही, धड जुळलीही नाही, तर पाठवलेलं हरवतं, पुन्हा पाठवावं लागतं, आणि चक्र फिरत राहतं. शिवाय धाकट्याच्या संगणकात विकून टाकलेल्या एका लॅपटॉपचा पत्ता ‘झेड’ अक्षराखाली तसाच राहिलेला. संगणक त्याला हाका मारायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. गेलेल्या माणसाचं पान वाढून पंगत अडवण्यातला प्रकार. उरलेला भार आईचा : तिच्या हजारो फोटोंची चिमुकली चित्रं वरचा संगणक एकेक करून काढत बसायचा.

तार बदलली, ‘झेड’ला निरोप दिला, फोटो वर्षावार वेगळे ठेवले. ‘घर’ पुन्हा उघडायला लागलं.

गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1968 साली लिहिलं होतं, की सामाईक कुरणात जो तो आपली एक गाय वाढवतो आणि कुरणाचा नाश होतो. एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंनी जगभर हिंडून दाखवलं की तसंच व्हायला पाहिजे असं नाही. लोक आपसात नियम करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या धुळे-नाशिककडच्या शेतकऱ्याला ते न मिळताही माहीत होतं. फड पद्धतीत पाणी सगळ्यांचं, पण ते पाटातून कुणाकडं सोडायचं याला नेमलेला पाटकरी एक.

पण माझा प्रश्न कुरणाच्या पुढचा आहे. आमच्याकडे कुणी जादा गाय सोडलीच नव्हती. सामाईक वस्तू बिघडली की आपण माणूस आधी तपासतो आणि तार नंतर, असं का? मला वाटतं, तार तपासायला वाकावं लागतं. माणूस बसल्याजागी तपासता येतो.

तारेनं दादाचा प्रामाणिकपणा सिद्ध केला का? मुळीच नाही. हिशोब हिशोबानंच तपासावा लागतो, आणि भावाभावांत तो तपासण्यात गैर काही नाही. तारेनं सिद्ध केलं ते एवढंच, की त्या दोन महिन्यांत जे बोललं गेलं त्याला चक्राखेरीज दुसरा पुरावा नव्हता. तार बाजारात मिळते. बोललेलं परत घ्यायची सोय कुठल्याच दुकानात नाही.

आता आमच्याकडे दर महिन्याला एक पाटकरी असतो. कुणाचं काही अडलं की आधी त्यानं बघायचं, तोवर बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. या महिन्यात पाळी धाकट्याची आहे. काल तो कपाटामागं वाकून काहीतरी बघत होता. बॅटरी दादानं धरली होती.