चाळीसचा आकडा

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका जिममध्ये स्की-अर्ग आलं. बर्फावर दोन काठ्या रेटत जाणाऱ्याची मेहनत इथे उभ्या यंत्रासमोर करायची. वरून लोंबणाऱ्या दोन दोऱ्या खाली ओढल्या की पंख्याचं चाक फिरतं आणि पडद्यावर मिनिटाचे स्ट्रोक दिसतात. जबलपूरला बर्फ पडत नाही, पण हौसेला हवामान लागत नाही.

आजोबांच्या गन कॅरेज फॅक्टरीतल्या नोकरीमुळे इथलंच झालेलं एक मराठी घर. त्यातला मुलगा रोज त्या यंत्रावर तुटून पडे. मिनिटाला साठ स्ट्रोक, 1000 मीटरना 4 मिनिटं 40 सेकंद. त्याला 4:20 हवे होते. वीस सेकंद ऐकायला किरकोळ, पण त्यासाठी ताकद जवळजवळ 25 टक्के जास्त लागते, कारण ती वेगाच्या घनाने वाढते. त्याने स्ट्रोक आणखी वाढवले. वेळही वाढला.

रविवारी पाहुण्यांना घेऊन तो भेडाघाटला गेला. पंचवटी घाटावरून नाव संगमरवरी कड्यांमधून, प्रवाहाविरुद्ध निघाली. म्हातारा नावाडी वल्हवता वल्हवता यमकं जुळवून कडे दाखवत होता आणि त्याला दम लागत नव्हता.

"चाचा, एक मिनट में कितनी बार चलाते हो?"

"भरी नाव कि खाली? जाते में कि लौटते में?" एवढं बोलून म्हातारा पुन्हा यमकांकडे वळला.

मुलगा वल्ह्यांकडे बघत बसला. म्हातारा हातांनी कमी, पाठीने जास्त ओढे. मग नाव आपल्या ओघात सरकत असताना सावकाश पुढे झुके, पण ती रेंगाळायच्या आत वल्हं पुन्हा पाण्यात असे.

सोमवारी त्याने ताकद तीच ठेवून फक्त स्ट्रोक बदलून पाहिले. बत्तीसला दोन ओढींमध्ये चाक मंदावे आणि पुढची ओढ जड जाई. पन्नासला कमरेतून वाकायला फुरसत नसे, नुसते हात झिजत. चाळीसला श्वास टिकला. महिन्याभरात वेळ 4:22 वर आला.

गोष्ट इथे थांबली असती तर बरं होतं. पण त्याने यंत्रावर चिठ्ठी डकवली: 'स्ट्रोक 40'. धाकटी बहीण जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी. तिची ओढच आखूड, त्यामुळे चाळीसात तिला प्रत्येक ओढ ओझ्यासारखी होई. तो शेजारी उभा राहून ओरडे, "घाई नको, कमरेतून वाक!" तिला 5:30 लागले.

"दादा, नावाड्याला विचारलंस, मला कुठे विचारलंस?" ती म्हणाली आणि पडद्याकडे न बघता आपल्या श्वासाने ओढत सुटली. 5:08. स्ट्रोक निघाले सत्तेचाळीस.

दादा लगेच पेन घेऊन चिठ्ठीवरचा चाळीस खोडून सत्तेचाळीस लिहायला निघाला. तिने पेन हिसकावून घेतलं.