आजचं चिंतन : देवाला थांबवणारी वीट



आज गीतेच्या सहाव्या अध्यायातला ३२वा श्लोक. दुसऱ्याचं सुखदुःख जो स्वतःसारखंच मानतो तो श्रेष्ठ योगी, असा त्याचा भाव. वाचायला सोपा वाटतो. पण प्रवासात सोबतचा माणूस आजारी पडला की खरी परीक्षा होते.

ऑफिसच्या कामासाठी मी आणि एक सहकारी जर्मनीत होतो. कोलोनचं कॅथेड्रल बघायला एकच शनिवार हातात. नेमका त्याच सकाळी त्याला १०२ ताप. म्हणाला, "तू जा रे, माझ्यामुळे कशाला अडकतोस?"

आता धर्म कोणता? सोपी उत्तरं दोन. एक, तोच म्हणतोय तर जा. दुसरं, आजाऱ्याला सोडून फिरणं पाप, बसून राहा. पहिल्यात आपली सोय असते. दुसऱ्यात कधीकधी अहंकार असतो : 'तुझ्यासाठी ट्रिप सोडली' हे ओझं तापलेल्या माणसाच्या उशाशी ठेवायचं.

श्लोकातही एक गोम आहे. मला ताप आला की खोलीत कुणी नको असतं. त्या मापाने मी लगेच निघायला हवं होतं! पण श्लोक माझी आवड दुसऱ्यावर लादायला सांगत नाही. त्याचं दुःख माझ्या दुःखाइतकंच जड धर, एवढंच सांगतो. त्यासाठी आधी त्याच्याकडे नीट बघावं लागतं. 'जा' म्हणणारा हा माणूस फोन आणि पाण्याची बाटली हाताशी आहे ना, हे पुन्हा पुन्हा चाचपत होता. परका देश, भाषा येत नाही. तो घाबरला होता.

म्हणून थांबलो. गोळी, पाणी, केटलच्या पाण्यात रेडी-मिक्स उपमा. दुपारनंतर ताप उतरला, झोप झाली आणि तो हसून म्हणाला, "आता खरंच जा." मग तासभर जाऊन आलो. मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या राहिल्या.

या कॅथेड्रलचा पाया १२४८ मध्ये घातला गेला. सोळाव्या शतकात काम थांबलं, १८४२ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १८८० मध्ये पूर्ण झालं. अर्धवट मनोऱ्यावर जुनी क्रेन शतकानुशतकं तशीच उभी होती. जी वास्तू पूर्ण व्हायला ६३२ वर्षं लागली, तिला माझ्या अर्ध्या दिवसाचं काय!

आपल्या पुंडलिकाने तरी वेगळं काय केलं? आईवडिलांची सेवा चालू होती, देव दारात आला, तर याने वीट पुढे केली. देवाला नाकारलं नाही, थांबायला जागा दिली. दर्शन थांबू शकतं, दुखणं थांबत नाही.

आणि ताप उतरलाच नसता तर? तर कॅथेड्रल राहिलं असतं, आणि ती हळहळ त्याला कळू न देता मला एकट्यालाच गिळावी लागली असती. सेवेतला अवघड भाग तोच.

आज कुणी तुम्हाला "माझं काही नाही, तू जा" म्हणालं, तर निघण्याआधी एकदा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. मग ठरवा.

राम कृष्ण हरी!