पावसाआधीचा चर



मे महिन्यात कोणी पाहुणा आपल्या वसईच्या वाडीत आला, तर त्याला दाखवण्यासारखे फारसे काही नसते. मुळा, कोबी कधीच संपलेले असतात. जुन्या वेलांचा पाचोळा झालेला असतो. बावखलाचे पाणी तळाला जाते आणि किनाऱ्याकडच्या विहिरी मचूळ होतात. परंतु वाडी करणाऱ्याला ठाऊक असते की, पावसाळ्याचे पीक याच दिवसांत ठरते.

जमीन खणून ढेकळे उन्हात तापू द्यावी लागतात. त्यामुळे किडींची अंडी आणि कोष मरतात, लव्हाळ्याच्या गाठी सुकतात. शेणखत मातीत मिसळायचे ते पूर्ण कुजलेलेच. कच्च्या खताबरोबर हुमणी येते आणि पुढे पिकाची मुळे खाते. हळद, आले, सुरण लावायचे. वांगी-मिरचीचे बी गादीवाफ्यावर टाकायचे, म्हणजे चार-पाच आठवड्यांत रोपे लावणीला येतात. मांडवाचे कुजलेले बांबू आताच बदलायचे, कारण कारली-पडवळाचे वेल एकदा वर चढले की खालचा बांबू काढता येत नाही. आणि सर्वांत कंटाळवाणे काम म्हणजे पाणी जाण्याचे चर साफ करणे. त्यातून ना पीक मिळते, ना पैसा.

माझ्या लहानपणी आमच्या आणि काकांच्या वाडीतून एकच चर पुढे ओढ्याला जात असे. वाटणीच्या वेळी हद्दीवरच्या एका आंब्यावरून बाबा आणि काका यांच्यात बोलणे बंद झाले. मग मे महिन्यात बाबा आपल्या बाजूचा चर काढीत आणि हद्दीजवळ थांबत. काकाही पलीकडून तसेच थांबत. मधली आठ-दहा हात जागा कोणाचीच नव्हती. तिथे माती आणि पाला साचत गेला.

एका वर्षी जूनमध्ये सलग तीन दिवस पाऊस पडला. पाणी तुंबले आणि दोन्ही वाड्यांतली वांग्याची रोपे मुळाशी कुजली. पाऊस काही वाईट नव्हता. त्याच पावसावर शेजाऱ्यांची रोपे तरारली होती. चौथ्या दिवशी बाबा आणि काका दोघेही फावडी घेऊन आले. भर पावसात त्यांनी तो चर मोकळा केला आणि एक शब्दही न बोलता आपापल्या घरी गेले.

एवढ्याने समेट झाला असे मी सांगणार नाही. त्याला आणखी दोन वर्षे लागली. एका मे महिन्यात क्रुसाजवळची रोझरी संपल्यावर काका बाबांजवळ आले आणि म्हणाले, “दादा, उद्या चर काढू या का?” आंब्याचा विषय कोणीच काढला नाही. बाबांनी फक्त “सकाळी लवकर ये” म्हटले. घरी आल्यावर आईने देवासमोर मेणबत्ती लावली, ती का लावली हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

आज आपण प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण साजरा करीत आहोत. पुढच्या रविवारी पेन्टेकॉस्ट आहे. प्रभूने शिष्यांना यरुशलेम सोडू नका, पित्याच्या वचनाची वाट पाहा, असे सांगितले होते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पहिला अध्याय घरी वाचून पाहा. त्या माडीवरच्या खोलीत प्रभूला नाकारणारा पेत्र होता. बागेतून पळून गेलेले होते. ज्यांच्या साक्षीवर पुरुषांनी विश्वास ठेवला नव्हता, त्या स्त्रियाही होत्या. एकमेकांना बोल लावायला कारणे थोडी नव्हती. तरीही पवित्र मरियेसह ते एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले. यहूदाची जागा रिकामी होती, तिथे त्यांनी मथियाला निवडले. मांडवाचा मोडलेला बांबू त्यांनी पावसाआधी बदलला.

पवित्र आत्मा त्यांच्या कष्टांची मजुरी म्हणून आला नाही. पाऊस कोणी कमावत नसतो. पण चर काढणे मात्र आपल्या हातात असते.

आज आपल्यापैकी पुष्कळांच्या वाड्या राहिलेल्या नाहीत. वाफ्यांच्या जागी इमारती आल्या, बावखले बुजली. २०१८ च्या जुलैमध्ये वसईत घराघरांत पाणी शिरले, तेव्हा त्यांची आठवण अनेकांना झाली. वाडी गेली तरी वाटणीची अढी जात नाही. एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला येणारे भाऊ वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा (मत्तय ५:२३-२४) अशा वेळी आपल्याला अवघड वाटते.

या आठवड्यात आपण पवित्र आत्म्याची नोव्हेना करीत आहोत. नोव्हेनाबरोबर प्रत्येकाने एक चर काढावा. जुना हिशेब एका दिवसात मिटणार नाही, आंबा कोणाचा हेही कदाचित ठरणार नाही. पण एक फोन करता येईल, आजारी वहिनीला भेटता येईल, नुसते “ये” म्हणता येईल. हद्दीजवळ थांबू नका. मधली आठ-दहा हात जागा आपलीच समजा.

हे पवित्र आत्म्या, तू येशील तेव्हा आमच्या वाडीत पाणी तुंबलेले नसो. आमेन.