सातवा दिवस कोणाचा?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून निळे पाणी आणि पांढरी वाळू दिसू लागते. दोन माडांच्या मध्ये टांगलेला झोपाळा, हाती शहाळे आणि समोर अथांग सागर! एकेकाळी हे सुख धनिकांचे होते. आज आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही अशा बेटांवर जाऊन येतात. यात गैर काय, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, काहीच नाही. प्रेषितकार्याहून थकून आलेल्या शिष्यांना प्रभू येशूने स्वतःच एकांत स्थळी विसाव्यासाठी बोलावले होते. विश्रांती घ्यावी की नाही, हा प्रश्नच नव्हे. आपली विश्रांती कोणाच्या खांद्यावर उभी आहे, हा प्रश्न आहे.

फिलिपाईन्स या कॅथॉलिकबहुल देशातील बोराकाय बेटाचे उदाहरण घेऊ. पनाय बेटाच्या वायव्य टोकाशी असलेले हे बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचे. त्याचा पांढऱ्या वाळूचा किनारा सुमारे चार किलोमीटर लांब. या चिमुकल्या भूमीवर २०१७ साली सुमारे वीस लाख पर्यटक उतरले. हॉटेलांची दाटी झाली, सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागले. अखेर सरकारने २६ एप्रिल २०१८ रोजी संपूर्ण बेट पर्यटकांसाठी बंद केले. सहा महिन्यांनी, २६ ऑक्टोबरला ते पुन्हा खुले झाले, तेव्हा एका वेळी किती पर्यटकांनी तेथे असावे याची मर्यादा ठरली होती : १९,२१५. माणसे जेथे विसाव्यासाठी जात होती, ती भूमीच थकून गेली होती.

या बेटाचे मूळ रहिवासी म्हणजे आती आदिवासी. किनाऱ्याला सोन्याचे मोल आले आणि ज्यांचे पूर्वज तेथे मासे धरीत होते त्यांनाच पाय ठेवायला जागा उरली नाही. सुमारे दोन हेक्टर जमिनीवरील त्यांचा वडिलोपार्जित हक्क सरकारने मान्य केला तो २०११ साली. जमिनीच्या वादातून २०१३ मध्ये त्यांच्या एका तरुण नेत्याची गोळ्या घालून हत्या झाली. या काळात त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या त्या संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या परंपरेतील धर्मभगिनी.

आता देवाची तिसरी आज्ञा आठवू या. शब्बाथ पवित्र पाळ, एवढेच सांगून ती थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांची ती यादी देते. अनुवादाचे पुस्तक तर कारणही सांगते : तूही कधीकाळी मिसर देशात दास होतास. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी शेतजमिनीलाही विसावा आहे. म्हणजे बायबलची विश्रांती एकट्याची नाहीच. धनी झोपला आणि दासी राबत राहिली, तर आज्ञा मोडली ती दासीने नव्हे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आपण गेलोच नाही, तर तेथल्या गरिबांच्या चुली कशा पेटाव्यात? बोराकायच्या त्या सहा महिन्यांत भूमीला विसावा मिळाला खरा. परंतु पाहुणे उठण्यापूर्वी वाळू झाडणारे, चादरी बदलणारे, होड्या वल्हवणारे हजारो हात रिकामे झाले. मजुरीवाचूनची सुट्टी ही विश्रांती नव्हे, ती उपासमारीची चिंता होय. तेव्हा न जाणे हे उत्तर नाही. कसे जावे, याचे उत्तर शोधले पाहिजे.

जर्मन कॅथॉलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९४८ साली मांडले की खरा निवांतपणा ही आत्म्याची एक वृत्ती आहे आणि तिचे मूळ उपासनेत आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९८ च्या आपल्या प्रेषितपत्रात, प्रभूचा दिवस म्हणजे केवळ आठवड्याअखेरची करमणूक नव्हे, असे बजावले. सुट्टीवर असतानाही आपण रविवारच्या मिस्सेला गेलो, तर आपली खोली झाडणारी बाई कदाचित आपल्याच बाकावर गुडघे टेकलेली दिसेल. तिला मिस्सेपुरती रजा मिळते का, हे विचारण्याची बुद्धी आपल्याला तेथेच होईल. तिचे नाव विचारावे, तिच्या कष्टाची जाण ठेवावी, पाणी जपून वापरावे, स्वस्ताईच्या हव्यासापायी तिची मजुरी कापली जाणार नाही असे ठिकाण निवडावे. एवढे तर आपल्या हाती आहे.

आणि त्यासाठी दूरच्या बेटावर जाण्याचीही गरज नाही. रविवारी आपल्या घरात सर्वांना सुट्टी असते. फक्त आई पहाटेपासून चुलीपाशी असते. मिस्सेहून परतल्यावर मटणाच्या वासाने आपण सुखावतो, तेव्हा तिसऱ्या आज्ञेतील ती यादी एकदा मनाशी वाचून पाहावी, आणि दुपारची भांडी त्या दिवशी इतरांनी घासावीत.